चित्रांचे राखणदार

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



विद्यार्थी साहाय्य निधीविषयी चार शब्द बोलावेत अशी सूचना कार्यवाहांनी केली, ती आम्ही आनंदाने मान्य केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात शाळेच्या वर्गात गेलेली. कलेच्या प्रांतात अधिकारवाणीने बोलावे अशी आमची पात्रता नाही. परंतु निधीकडे आलेला एक अर्ज मंडळाने आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविला, आणि त्या निमित्ताने जी माहिती आम्ही यथामति गोळा केली ती आपल्या कानांवर घालणे आम्हांस कर्तव्य वाटते.

अर्ज आपल्या ज्ञातीतील एका पदवीधर कन्येचा आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जुनी छायाचित्रे व चित्रपट कसे राखावेत, त्यांतून निवड कशी करावी, आणि ती निवड लोकांपुढे कशी मांडावी, याचे रीतसर शिक्षण तिला घ्यावयाचे आहे. वडील एस. टी. मध्ये वाहक आहेत. दोन धाकटी भावंडे शिकत आहेत. आपल्या निधीच्या नियमांत वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, वाणिज्य आणि अध्यापन एवढ्याच शाखांचा उल्लेख असल्यामुळे अर्ज तहकूब राहिला आहे. एका सभासदांनी त्याच्या कडेला शेरा मारला आहे, ‘फोटो जमविण्यास शिष्यवृत्ती कशाला?’ शेरा प्रामाणिक आहे. वर्गणीदारांच्या पैशाचा हिशेब ज्याला द्यावयाचा आहे त्याने असे विचारलेच पाहिजे. आम्ही त्याच प्रश्नास उत्तर देणार आहोत.

इंग्रजीत ज्यास क्युरेटर म्हणतात त्यास आपल्या सरकारी परिभाषेत अभिरक्षक असा शब्द आहे. शब्द जड आहे व अपुराही आहे, कारण त्यात राखण आली, मांडणी आली नाही. वर्गात नकाशा टांगला म्हणजे भूगोल शिकविला असे होत नाही. कोणता नकाशा, कोणत्या दिवशी, कोणत्या धड्याबरोबर टांगावा हे शिक्षकाला कळावे लागते. चित्रांचेही तसेच आहे. लाला दीनदयाळ (१८४४ ते १९०५) हे निजामाचे छायाचित्रकार. त्यांनी राजवाडे, मेजवान्या आणि शिकारी यांची चित्रे घेतली, तशी दुष्काळी कामांचीही घेतली. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. आता या भांडारातून नुसत्या मेजवान्या निवडून भिंतीवर लावल्या तर पाहणाऱ्यास एक हैदराबाद दिसेल. शेजारी दुष्काळाचे चित्र लावले तर दुसरेच दिसेल. चित्रे तीच, काढणारा तोच. फरक पडतो तो निवडणाऱ्यामुळे. म्हणून निवडणारा कोण आहे, कोणत्या घरातून आला आहे, त्याने काय वाचले आहे, याला महत्त्व आहे.

असा मनुष्य घडतो कसा, याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. श्री. पी. के. नायर हे मूळचे तिरुवनंतपुरमचे, जन्म १९३३ चा. लहानपणी त्यांना तिकिटे जमविण्याचा नाद होता, आणि त्यांत सिनेमाची तिकिटे असत. आपल्यापैकी कितीजणांनी मुलाचा असा नाद कौतुकाने पाहिला असता? पुढे विज्ञानाची पदवी घेऊन ते चित्रपट काढण्याच्या उमेदीने मुंबईस आले, नामवंत दिग्दर्शकांच्या हाताखाली राहिले, आणि १९६१ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन साहाय्यक झाले. १९६४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी बत्तिशीतल्या या तरुणाला तेथे साहाय्यक अभिरक्षक नेमण्यात आले. ज्या विद्येचे शिक्षण देशात कोठे नव्हते, ती त्यांनी कामातच मिळविली. अंधाऱ्या चित्रगृहात छोट्या विजेरीच्या उजेडात वहीत टिपणे करीत बसणारे नायर हे दृश्य तेथील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले आहे. १९९१ साली ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहात १२,००० हून अधिक चित्रपट होते व त्यांतील सुमारे ८,००० भारतीय होते.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण त्याच्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे एवढीच उरली आहेत, व तीही नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडे स्वतः जाऊन मिळविली म्हणून, हे कितीजणांस माहीत आहे? त्यातही काही अभ्यासक म्हणतात की ही रिळे १९१३ ची नसून १९१७ साली फाळक्यांनी तोच चित्रपट पुन्हा काढला त्याची आहेत. या वादाचा निर्णय यंत्र करीत नाही. फिल्मची कड, पात्रांचे कपडे, अक्षरांची वळणे ओळखणारा जाणता डोळा लागतो. १९१९ चा ‘कालिया मर्दन’, ज्यात फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे, तोही तुकड्यांनी हाती आला आणि फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे नायर यांनी त्याचा क्रम लावला.

जे गेले त्याची यादी याहून मोठी आहे. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांचे स्वागत चलच्चित्रात टिपले होते. शिक्षकाचा मान करणारा देश म्हणून आपण स्वतःस मिरवितो. ती फीत काही आपण राखली नाही. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची एकही प्रत उपलब्ध नाही. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले, आणि त्यांतले पुरते उरलेले हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. कारणे साधी आहेत. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन् पेट घेई, आणि तिच्यात थोडी चांदी असे. चित्रपट चालेनासा झाला की मालक तो चांदीच्या भावात विकीत. नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेटची फिल्म दमट हवेत कुजते, तिला व्हिनेगारसारखा आंबूस वास सुटतो, आणि एका डब्यातली कूज शेजारच्या डब्यास लागते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत संग्रहालयाची नायट्रेटची पुष्कळ रिळे जळाली. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. सरकारी खाती जोडली जातात, विभागली जातात. जाणता मनुष्य मात्र एक गेला की दुसरा आपोआप येत नाही. नायर २०१६ साली वारले.

कोणी म्हणेल, ही पुण्या-मुंबईच्या रसिकांची चैन आहे. त्यांना आम्ही कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्याचे नाव सांगतो. सुपारीच्या बागांमधले हे गाव. तेथील निनासम् या संस्थेने १९७७ साली जगातील निवडक चित्रपटांचा महोत्सव भरविला, आणि नायर यांच्या संग्रहातील चित्रपट बागाईतदारांनी व मजुरांनी बसून पाहिले. चांगला अभिरक्षक कुलुपाची किल्ली कमरेला लावून बसत नाही.

परदेशातील एकच गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात बोमंट न्यूहॉल नावाचा तरुण ग्रंथपाल होता. छायाचित्र ही कला की नुसती कारागिरी, असा वाद तेव्हा चालू होता. संचालकांनी या ग्रंथपालास छायाचित्रांच्या जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास मांडणारे प्रदर्शन भरविण्यास सांगितले. १९३७ साली ते भरले, आठशेहून अधिक वस्तू त्यात होत्या, आणि न्यूहॉलचे वय तेव्हा २८ होते. १९४० मध्ये त्या संग्रहालयात छायाचित्रांचा स्वतंत्र विभाग निघाला व तोच त्याचा पहिला अभिरक्षक झाला. प्रदर्शनासाठी त्याने लिहिलेली पुस्तिका पुढे या विषयाचा पाठ्यग्रंथ ठरली. आम्हांस यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही वाटते की काम आधी दिले गेले, नाव मागाहून झाले.

आपल्या देशातही आता दारे थोडी उघडली आहेत. बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवितात. मुंबईत २०१४ साली स्थापन झालेले फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून निरनिराळ्या शहरांत कार्यशाळा भरविते आणि तेथे फिल्म हाताने साफ करण्यापासून जोडण्यापर्यंत शिकवितात. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर दी आर्ट्स जुन्या संग्रहांवर काम करू इच्छिणाऱ्यांस अनुदाने देत आली आहे. कोचीच्या बिनालेत २०१४ साली विद्यार्थ्यांचे वेगळे प्रदर्शन सुरू झाले, ते तरुण अभिरक्षकांकरवीच मांडून घेतले. इतके असूनही वाट अरुंद आहे. शिक्षण संपल्यावर एक-दोन वर्षे तुटपुंज्या मानधनावर, कधी बिनपगारी, उमेदवारी करावी लागते. ज्याच्या घरी खाऊनपिऊन सुख आहे तोच ती करू शकतो. वाहकाची मुलगी कशी करणार?

आमचा खरा मुद्दा येथे आहे. हे काम फक्त सुखवस्तू घरांतील मुलेच करू लागली, तर राखले काय जाईल? बंगल्यांतले आल्बम राखले जातील, संस्थानिकांची तैलचित्रे राखली जातील. गिरणीच्या फाटकावर उभा असलेला आमचा आजा, पहिल्याने शाळेत गेलेली आमची आत्या, चाळीच्या गच्चीवर लग्नात काढलेला तो समूह, यांच्या चित्रांत काही पाहण्यासारखे आहे असे ज्याला वाटेल तो मनुष्य आपल्याच घरांतून निघाला पाहिजे. मुंबईत २०१० साली अनुषा यादव यांनी ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ या नावाने घरोघरची जुनी छायाचित्रे त्यांच्या हकिकतींसह एकत्र आणण्यास आरंभ केला. त्यातील गोष्टी साध्या घरांतल्या आहेत, आणि म्हणूनच त्या वाचताना मनुष्य खिळून राहतो.

निधी लहान आहे, ही अडचण आम्ही जाणतो. परंतु श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ आपण आठवावा. गुजरातेतील पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या पैशांत तो चित्रपट निघाला. आपल्या स्मिता पाटील त्यात आहेत. त्याचेही मूळ जीर्ण होत चालले होते. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचा जीर्णोद्धार केला व २०२४ साली तो फ्रान्समधील कान येथे दाखविण्यात आला. दोन रुपये देणाऱ्या शेतकऱ्यास कोणी विचारले असते की सिनेमास वर्गणी कशाला, तर त्याने काय सांगितले असते कोण जाणे. पण त्याने दिले.

आमची सूचना फार मोठी नाही. नियमांत ‘संग्रहालयशास्त्र, छायाचित्रे व चित्रपट यांचे जतन आणि अभिरक्षण’ एवढे शब्द घालावेत. फी इतकेच साहाय्य न देता शिक्षणानंतरच्या पहिल्या वर्षी माफक निर्वाहवेतन द्यावे, कारण याच वर्षी मुले हा मार्ग सोडून बँकेच्या परीक्षांस बसतात. आणि तिसरे, जे आम्हांस सर्वांत अगत्याचे वाटते, ते म्हणजे काम द्यावे. आपल्या कार्यालयातील लोखंडी कपाटात मागल्या संमेलनांचे समूहफोटो आहेत, वसतिगृहाच्या पायाभरणीचे आहेत, आणि संमेलनांच्या व्हिडिओ कॅसेटींचे एक खोके आहे, ज्या लावण्याचे यंत्रही आता कोणाकडे चालू स्थितीत नाही. एका फोटोखाली ‘डावीकडून उभे’ असे छापले आहे आणि पुढे नावे नाहीत. त्यातील तीन व्यक्ती ओळखू शकणारे दोनच वृद्ध आज हयात आहेत. या कन्येने शिक्षणानंतर पहिले काम या कपाटाचे करावे, मंडळाने त्याचे मानधन द्यावे, आणि पुढील संमेलनात याच सभागृहाच्या भिंतीवर तिने तिच्या निवडीने चित्रे मांडावीत. काय लावले आणि काय गाळले यावर आपण तिच्याशी भांडू, पण ते चित्रे पाहून झाल्यावर.

नियमदुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. तेव्हा प्रत्येक कुटुंबातील मतदार सभासदाने उपस्थित राहावे अशी विनंती आहे. दरम्यान घरचे आल्बम कोणी टाकून देऊ नयेत. चिकट पानांच्या व प्लॅस्टिकच्या झाकणाच्या आल्बममधील फोटो जोराने ओढून काढू नयेत, फाटतात. पोटमाळ्यावर किंवा ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवू नयेत. पावसाळ्यात बुरशी धरते. वडीलधाऱ्या माणसांजवळ बसून नावे, गाव व साल विचारून घ्यावे आणि फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहावे. बॉलपेन वापरू नये. त्याचे वळ समोरच्या चेहऱ्यावर उमटतात. ज्यांना मूळ फोटो द्यावयाचा नसेल त्यांनी नक्कल करून घेण्यापुरता तो कार्यालयात आणावा. पावती मिळेल, आणि फोटो त्याच दिवशी परत केला जाईल.