प्रश्नावली आणि आपले मत



राजकीय कल सांगणाऱ्या प्रश्नावल्या सध्या घरोघरी फोनवर सोडविल्या जातात. ‘पोलिटिकल कंपास’ २००१ पासून चालू आहे. त्यात ६२ विधाने. उत्तर ‘सहमत’ वा ‘असहमत’, फार तर ‘ठामपणे’ जोडावे. ‘ठाऊक नाही’ म्हणावयास जागाच नाही! पिण्याचे पाणी बाटलीतून विकले जाते ही खेदाची गोष्ट, अशा अर्थाचे एक विधान आहे. मी ‘ठामपणे सहमत’ म्हटले, ते आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येते म्हणून. प्रश्नावलीने ते डावेपण धरले. कारण विचारलेच नाही. जातीविषयी तर अक्षर नाही. आपल्याकडची निवडणूक तिच्यावाचून समजेल काय? शेवटी आलेखावर ठिपका मिळतो. माझा आणि लेकीचा शेजारी शेजारी पडला. गेल्या निवडणुकीत आमची मते मात्र दोन पक्षांना गेली.