दम मुलाचा की वाद्याचा?

(हीरकमहोत्सवी पालक-माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने बँडपथकाची वाद्ये पेट्यांतून बाहेर निघाली, तेव्हा क्लॅरिनेट हाती घेणाऱ्या मुलांविषयी एक वाक्य वारंवार कानी आले : ‘याचा दम कमी पडतो.’ असा निकाल देण्यापूर्वी वाद्याचा दम तपासावा, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

आपल्या बासरीला ही अडचण नाही. तेथे बोटाचे पेरच छिद्र झाकते. क्लॅरिनेटची बरीच छिद्रे बोटांच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणून चाव्या आल्या, आणि प्रत्येक चावीच्या वाटीत एक इवलीशी गादी आली. बँडवाले तिला ‘पॅड’ म्हणतात. आत लोकरीचा नमदा, वर पातळ पापुद्रा. पूर्वी तेथे चपटे कातडे असे व त्यातून हवा सुटे. इवान म्युलर या वादकाने भरीव गाद्या बसवून 13 चाव्यांचे वाद्य सिद्ध केले आणि 1812 च्या सुमारास पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या परीक्षकांपुढे ठेवले. परीक्षकांनी ते नाकारले. वादकांनी मात्र स्वीकारले. परीक्षकांचे असे होते कधी कधी!

वरची एक गादी गळू लागली, तरी तिच्याखालचे सारे स्वर बिघडतात. मूल अधिक जोर लावते, वाद्य किंचाळते आणि मूल खट्टू होते.

तपासणी घरीच होते. वाद्याचा एक भाग घ्यावा, छिद्रे बोटांनी व चाव्यांनी बंद करावी, खालचे तोंड तळव्याने दाबून वरून हवा ओढावी. ओढ क्षणभर टिकली पाहिजे. लगेच सुटली तर गळती आहे. ती नेमकी कोठे, हे कागदाची अरुंद पट्टी सांगते. कारागीर सिगारेटचा कागद वापरतात. शाळेत त्याचे नाव नको, पतंगाचा पातळ कागदही चालतो. पट्टी गादीखाली सरकवून चावी हलकेच मिटावी व पट्टी ओढावी. चारही बाजूंनी सारखा अटकाव लागला पाहिजे. जेथे पट्टी सैल निघते, तेथे गादी टेकलेली नाही.

पापुद्रा फाटला असेल तर गादी बदलावी. नवी नेमक्या त्याच मापाची हवी. ती वाटीत बहुधा लाखेने चिकटवलेली असते. लाकडी वाद्य असल्यास मोठ्या माणसाने वाटीला स्पिरिटच्या दिव्याची किंचित ऊब द्यावी, गादी छिद्रावर समतल टेकवावी आणि लाख थिजेपर्यंत चावी अलगद मिटून धरावी. वाद्य प्लास्टिकचे असेल तर ज्योत जवळही नेऊ नये. स्प्रिंग तुटली किंवा लाकडाला चीर गेली, तर कारागीरच हवा.

आपल्या जबलपूरच्या पावसाळ्यात ओले वाद्य पेटीत बंद केले की गाद्या फुगतात. वाजवून झाल्यावर आतून फडके ओढून घेणे हे मुलांचेच काम. तेवढे पालकांनी घरी पाहावे.

शेजारच्या वर्गात तीन क्लॅरिनेट आणि कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. चहानंतर ज्यांना जमेल त्यांनी तेथे यावे. वाजवणारी मुलेही तेथेच थांबणार आहेत.