विहाराच्या छतावरचा दिवा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. वीज गेली की साचा बंद अन् मजुरीही बंद. म्हणून विजेवरच बोलतो. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीजही त्यांच्याच खात्यात होती. वीज स्वस्त अन् भरपूर हवी, हा त्यांचा आग्रह.

आपल्याच जिल्ह्यातलं बिलगाव बघा. २००३ साली आदिवासी बांधवांनी श्रमदान केलं, केरळच्या अभियंत्यांनी साथ दिली, अन् नदीच्या पाण्यावर १५ किलोवॉटचं केंद्र उभं राहिलं. घरोघरी दिवे लागले. २००६ साली सरदार सरोवराच्या पाण्यात ते बुडालं. पण गाव स्वतः वीज करू शकतं, हे काही बुडालं नाही.

आपल्याकडं ऊन भरपूर. २०२४ च्या सूर्यघर योजनेत घरावरच्या १ किलोवॉटला ३० हजार अनुदान ठेवलंय. तेवढी ऐपत नसेल, तर ६० वॉटचा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी तरी लावा.

रात्री वीज गेली की विहारात अभ्यासाला बसलेली पोरं पुस्तकं मिटून घरी जातात. ते मला बघवत नाही. दर घरानं महिना वीस रुपये द्यावेत. छतावर सोलर प्लेटा अन् बॅटरी बसवू. माझे पहिले वीस आत्ताच दानपेटीत टाकतो. जयभीम!