उन्हाला भिणारं लेकरू

तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात धरायची आपली जुनी रीत. पण एखादं बाळ चार-पाच मिनिटांतच भाजल्यासारखं लालबुंद होतं. दुसरं वर्ष सरायच्या आत तोंडावर, हातांवर वांगासारखे ठिपके उठतात. काहींची कातडी भाजत नाही, नुसते ठिपकेच येतात. बाळ उजेडात डोळे उघडत नाही. ‘अंगात उष्णता आहे, जाईल’ म्हणत आपण थांबतो. थांबू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. झिरोडर्मा पिगमेंटोसम हा जन्मजात आजार असू शकतो.

नाव अवघड, गोष्ट सोपी. उन्हानं सगळ्यांच्याच त्वचेतला डीएनए थोडा उसवतो आणि शरीर तो शिवून घेतं. या मुलांची ती शिवणच अधू असते, हे 1968 साली जेम्स क्लीव्हर या शास्त्रज्ञांनी दाखवलं. उसवण साठत जाते. मग जो कर्करोग एरवी उतारवयात दिसतो, तो आठव्या-दहाव्या वर्षीच नाकावर, पापणीवर, ओठावर, अगदी जिभेच्या शेंड्यावरही उठतो.

हा रोग लागत नाही. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं, तरच होतो. ते दोघं मात्र धडधाकट असतात. दर बाळंतपणात चारात एक असा धोका. मामाची मुलगी करायची चाल आहे तिथे हा योग जास्त जुळतो. सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी जरा ऐकावं, निम्मा वाटा तुमच्या लेकाचाही आहे!

मूळ आजारावर औषध नाही, पण कर्करोग लांबवता येतो. साध्या काचेतून आणि ढगांतूनही घातक किरण येतात, म्हणून अंगभर कपडे, रुंद टोपी, बाजूनं झाकणारा गॉगल, सनस्क्रीन हे रोजचंच. ऊन बंद झालं की ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते डॉक्टरांना विचारून द्यावं.

मी त्वचेच्या वॉर्डात नर्स होते. तिथे येणारी एक आई दर रविवारी लेकीला न्हाऊ घालताना टाळूपासून तळव्यापर्यंत बघायची. नाकपुडीशी ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ तिलाच सापडली. लहान होती, तोवरच काढली. व्रण शोधावा लागतो. शाळेनं त्या मुलीचा बाक खिडकीपासून हलवला, तोही या माउलीनं तीन खेपा घातल्यावर. लगोरी ती दिवेलागणीनंतर खेळते.