साधा स्मार्टफोन आणि आपल्या मुलामुलींचे शिक्षण
(शहापूर-मुरबाड परिसरातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मोबाइल फोनविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. ‘मुलांच्या हातातून फोन कसा काढावा ते सांगा’, असे म्हणणारे पालकही येथे असतील. त्यांची काळजी मला मान्य आहे. परंतु आज दहावी-बारावीचा निकाल फोनवर कळतो, शिष्यवृत्तीचा व प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, बालभारतीची मराठी व उर्दू पाठ्यपुस्तके फोनवर उघडता येतात आणि शेतकऱ्याला आपल्या भातपिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’तून स्वतः करावी लागते. अशा वेळी फोन असावा की नसावा, हा वाद मागे पडला आहे. कोणता घ्यावा, किती पैशांत घ्यावा, तो कसा बेतून घ्यावा आणि घरात तो कोणाच्या हाती द्यावा, हे चार प्रश्न खरे आहेत.

अल्लाहच्या पहिल्या वहीची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने झाली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाचण्याचे साधन काळानुसार बदलते. एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजातील पुष्कळ लोक इंग्रजी शिक्षणाकडे संशयाने पाहत होते. त्या काळात १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. नव्या विद्येपासून दूर राहण्याने समाजाचे किती नुकसान होते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी दीन सोडला नाही आणि काळाकडे पाठही फिरवली नाही. फोनच्या बाबतीत आपल्यालाही हाच मार्ग धरावा लागेल.

आता या साधनाचा इतिहास थोडक्यात पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून दूरध्वनी केला आणि भारतात मोबाइल सेवा सुरू झाली. तेव्हा हे श्रीमंतांचे साधन होते. पुढे स्पर्शाने चालणारे पडद्याचे फोन आले, पण तेही महागच होते. गरीब विद्यार्थ्याला परवडेल असे उपकरण तयार करण्याचा एक मोठा सरकारी प्रयत्न ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅबलेटच्या रूपाने झाला. त्याची किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. हेतू उत्तम होता, परंतु पडदा जोराने दाबावा लागे, यंत्र संथ चाले आणि बॅटरी लवकर उतरे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात झाली. लोकांची झुंबड उडाली, पण बहुतेकांच्या हाती फोन आलाच नाही. नंतर ४ नोव्हेंबर २०२१ रोजी, दिवाळीच्या दिवशी, ‘जिओफोन नेक्स्ट’ बाजारात आला. त्याची किंमत ६,४९९ रुपये होती, आणि पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची व त्याचे भाषांतर करण्याची सोय त्यात होती. अक्षरओळख नसलेल्या माणसाचा विचार करून केलेली ही योजना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हा पडदा चालतो कसा, हेही समजून घ्या. काचेखाली विद्युतवाहक पदार्थाचा अत्यंत पातळ, पारदर्शक थर असतो. आपल्या शरीरातूनही वीज वाहू शकते. म्हणून बोट टेकताच त्या जागेच्या विद्युतभारात सूक्ष्म बदल होतो आणि बोट कोठे टेकले हे फोनमधील यंत्रणा मोजून काढते. इंग्लंडमधील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. पाणीही वीज वाहते, त्यामुळे लावणीच्या दिवसांत ओल्या हातांनी फोन नीट चालत नाही. सुक्या कापडाने हात व काच पुसली की तो पूर्ववत चालतो. दुकानात दुरुस्तीला देण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

पालकहो, आता खरेदीकडे वळतो. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील जत्रेत बैल घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मग किमतीची बोलणी करतो. फोन घेताना मात्र आपण रंग आणि कॅमेरा पाहून पैसे मोजतो. फोनचेही दात पाहावेत. पहिली गोष्ट त्याची रॅम, म्हणजे एका वेळी काम करण्याची क्षमता. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना शासनाने दोन जीबी रॅमचे फोन दिले. पुढे त्यावर जड ॲप चालेना, फोन तापत, बंद पडत, दुरुस्तीचा भुर्दंड बसे, शिवाय ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत होते. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. यातून आपल्यासाठी दोन धडे आहेत. आज अभ्यासासाठी फोन घ्यायचा तर चार जीबी रॅम व ६४ जीबी साठवण यांपेक्षा कमी घेऊ नये. आणि ज्या भाषेत आपल्याला समजते त्या भाषेत फोन चालतो की नाही, हे दुकानातच पाहावे. यांखेरीज सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, हे विचारावे. जुना फोन घेत असाल तर तो चोरीचा नाही ना, याची खात्री शासनाच्या ‘संचार साथी’ सेवेवरून करता येते.

दुसरा प्रश्न पैशांचा. हप्त्याचा आकडा लहान दिसतो, पण बेरीज करून पाहावी. वर सांगितलेल्या २०२१ च्या फोनचेच उदाहरण घ्या. हप्त्यांच्या एका योजनेत सुरुवातीला १,९९९ रुपये, प्रक्रिया शुल्क ५०१ रुपये आणि पुढे दरमहा ३०० रुपयांचे २४ हप्ते होते. एकूण झाले ९,७०० रुपये. त्यात दरमहाचा थोडा डेटा व बोलण्याची मिनिटे धरलेली होती, हे खरे. तरीही ६,४९९ आणि ९,७०० यांतला फरक पालकाने सही करण्यापूर्वी मांडून पाहायला हवा. ‘बिनव्याजी’ म्हणून सांगितलेल्या योजनेतही शुल्काच्या नावाने पैसे घेतले जातात. व्याजापासून दूर राहणे आपण दीनचा भाग मानतो, तर तो हिशेब मांडण्याची सवयही आपल्याला असायला हवी.

तिसरा प्रश्न फोन बेतून घेण्याचा. दुकानातून आणलेला सदरा सैल असेल तर आपण शिंप्याकडे नेतो. फोनही तसाच आपल्या मापाचा करून घेता येतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी किंवा उर्दू करावी. कळफलकात दोन्ही लिप्या ठेवाव्यात. उर्दू उजवीकडून डावीकडे आपोआप लिहिली जाते. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी बोलून लिहावे. आजी-आजोबांसाठी अक्षर मोठे करावे. दिसण्याची अडचण असेल त्यांच्यासाठी फोन मजकूर वाचून दाखवतो. नको असलेली ॲप काढून टाकावीत. व्हॉट्सॲपवर येणारी छायाचित्रे व चित्रफिती आपोआप साठवण्याची सोय बंद करावी, कारण स्वस्त फोन बहुधा त्यांनीच भरून जातो. पहिल्या पानावर ‘दीक्षा’, बालभारतीची पुस्तके, शब्दकोश व गणकयंत्र एवढेच ठेवावे, करमणूक मागे ठेवावी. कोणते ॲप दिवसातून किती वेळ चालावे, याची मर्यादा घालता येते. लहान मुलांच्या फोनवर पालकांना ‘फॅमिली लिंक’मधून लक्ष ठेवता येते.

आपल्या पाठ्यपुस्तकात छापलेले चौकोनी क्यूआर कोड फोनने वाचता येतात आणि त्या धड्याची चित्रफीत उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत असे कोड वापरले आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हायवेच्या कडेला रेंज भरपूर मिळते, डोंगराआडच्या पाड्यावर मात्र ती शोधावी लागते. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तसाच हा प्रकार आहे. यावर उपाय एकच. शाळेत किंवा बाजाराच्या गावी रेंज मिळेल तेव्हा धडे उतरवून घ्यावेत आणि घरी विनाइंटरनेट पाहावेत.

हे सारे शहरातच होते, असे कोणी समजू नये. शहापूर तालुक्यातीलच पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने मुलांच्या हाती टॅबलेट दिले आणि एका लहानशा पाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली. तेथे यंत्राइतकेच महत्त्व शिक्षकाच्या नियोजनाला आणि गावाच्या साथीला होते. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने साठी उलटलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन शाळेत येऊ लागल्या. साठाव्या वर्षी आजी अक्षरे गिरवू शकते, तर पस्तिशीची आपली आई फोनवर अर्ज भरायला नक्कीच शिकू शकते.

आता चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. घरात फोन एकच असेल तर तो कोणाच्या हातात असतो? ‘असर’ या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्क्यांहून अधिक मुले स्मार्टफोन वापरू शकतात, असे आढळले. ज्यांना फोन वापरता येतो, त्यांच्यापैकी सुमारे ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. त्याच पाहणीत, आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के. म्हणजे फोन घरोघरी पोहोचला आहे, पण तो अभ्यासापेक्षा करमणुकीसाठी अधिक वापरला जातो आणि मुलीच्या वाट्याला कमी येतो.

‘मुलीला फोन दिला तर लोक काय म्हणतील’, असे बाप म्हणतो. मी त्या बापाला एवढेच विचारतो की, कोणतीही देखरेख न ठेवता मुलाला फोन देताना ही भीती कोठे जाते? नियम करायचे असतील तर ते दोघांना सारखे असावेत. रात्री दहानंतर सर्वांचे फोन, वडिलांचाही, एका जागी ठेवावेत. दहावीनंतर गाव सोडून कल्याण-भिवंडीला शिकायला जाणे सर्व मुलींना शक्य होत नाही. अशा मुलीला घरबसल्या धडा, अर्ज, स्पर्धा परीक्षेची माहिती देणारे साधन आपण नाकारले, तर तिचे शिक्षण आपल्याच उंबऱ्यावर थांबेल. इल्म हासिल करण्याच्या कर्तव्यातून मुलींना वगळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

धोके आहेतच. पैसे मिळण्यासाठी गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात, हे घरातील प्रत्येकाने पाठ करावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. शिष्यवृत्ती मंजूर झाली असे सांगून पैसे मागणारा माणूस लबाड समजावा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आणि मुलांनी काही चुकीचे पाहिले किंवा कोणी त्यांना धमकावले, तर ते प्रथम आईवडिलांना सांगू शकतील असे वातावरण घरात असावे. फोन हिसकावून घेण्याच्या भीतीने मुले गप्प बसतात आणि नुकसान वाढते.

शेवटी संस्थेपुढे व जमातीपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, कर्ज-ए-हसनाचा एक छोटा निधी उभारावा आणि गरजू विद्यार्थ्याला फोनसाठी बिनव्याजी रक्कम देऊन ती दरमहा थोडी थोडी परत घ्यावी. यात पहिला हक्क नववी ते बारावीच्या मुलींना द्यावा. दुसरी, सुस्थितीतील जुने फोन जमा करून, आतील खासगी माहिती पुसून, शाळेच्या ग्रंथालयात ठेवावेत आणि पुस्तकाप्रमाणे ते आठवड्यासाठी घरी द्यावेत. तिसरी, महिन्यातून एका रविवारी मातांचा वर्ग भरवावा, आणि त्यांना शिकविण्याचे काम आपल्याच विद्यार्थ्यांनी करावे. शिकविणाऱ्याला विषय दुप्पट समजतो.

हे तिन्ही उपक्रम मोठ्या देणगीशिवाय, येत्या शैक्षणिक वर्षात सुरू होऊ शकतात. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत किती फोन वाटले हा आकडा छापला तर मला आनंद होईल. त्या फोनवर शिकून किती मुली पुढच्या वर्गात गेल्या हा आकडा छापला, तर अधिक आनंद होईल. पालकहो, आज घरी गेल्यावर आपल्या मुलीला जवळ बसवा, घरातील फोन तिच्या हाती द्या आणि तिच्या पुस्तकातील एक धडा तिच्यासोबत उघडून पाहा.

अल्लाह आपल्या प्रयत्नांना यश देवो. आमीन. खुदा हाफिज.