संगणकातील दप्तराची राखण

(मालवण येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा गावाचा कारभार कागदी दप्तरावर चालत असे. वाळवी आणि पावसाळी ओल हे त्या दप्तराचे शत्रू. आज त्यातील बराच भाग संगणकात गेला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही मिळू लागला. राज्यपातळीवरील माहिती मोठ्या केंद्रांत सांभाळली जाते. परंतु ठरावांच्या प्रती, पत्रव्यवहार, नकाशे, छायाचित्रे, शाळेचे निकाल असे पुष्कळ साहित्य कार्यालयातील यंत्रातच असते. एखाद्या सकाळी ते यंत्र सुरू होताना ‘तबकड्यांचा समूह सापडत नाही’ असा संदेश आला, तर काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हा समूह म्हणजे काय ते पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिले चुंबकीय तबकड्यांचे यंत्र विक्रीस आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या लहान व स्वस्त झाल्या. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी असे मांडले की, अनेक स्वस्त तबकड्या एकत्र जोडून त्यांच्याकडून एका मोठ्या तबकडीचे काम करून घ्यावे आणि एखादी निकामी झाली तरी माहिती टिकावी अशी तजवीज ठेवावी. हीच ‘रेड’ पद्धती होय.

तिचे तत्त्व सोपे आहे. पहिल्या तबकडीवर ७ आणि दुसरीवर ५ हे आकडे आहेत. तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहून ठेवली. दुसरी तबकडी बिघडली, तर १२ मधून ७ वजा करून हरवलेला ५ परत मिळतो. प्रत्यक्षात हिशेब द्विमान अंकांचा असतो, पण मर्म हेच. ‘रेड ५’ प्रकारात एक तबकडी गेली तरी काम चालते. दोन गेल्या तर समूह बंद पडतो. ‘रेड १’ मध्ये एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर असते. ‘रेड ०’ मध्ये मात्र कोणतेच संरक्षण नाही. एक गेली की सारे गेले. आपल्या कार्यालयात यांपैकी कोणता प्रकार आहे, हे आजच विचारून नोंदवहीत लिहून ठेवावे.

आता बिघाड सुरू होतानाच का दिसतो? शेतावरील विजेचा पंप सुरू होताना खोलीतील दिवा क्षणभर मंदावतो, हे आपण पाहिले आहे. तबकडीचेही तसेच आहे. स्थिर गतीने फिरताना तिला साधारण ५ ते ८ वॅट वीज पुरते. परंतु थांबलेली तबकडी फिरू लागताना १२ व्होल्टच्या तारेवरून सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅटच्या आसपास वीज ओढते. चार तबकड्या एकदम सुरू झाल्या, तर जवळजवळ १०० वॅटचा भार क्षणात पडतो. जुना वीजपुरवठा संच हा भार पेलू शकत नाही. मग एखादी तबकडी उशिरा जागी होते आणि नियंत्रक तिला गैरहजर मानतो. दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा लावले की सर्व सुरळीत चालते, हे या दोषाचे ओळखीचे लक्षण. अनेक नियंत्रकांत तबकड्या एकामागून एक सुरू करण्याची सोय असते. ती वापरावी आणि अशक्त संच बदलावा.

दुसरे कारण म्हणजे मुख्य फळीवरील नाण्याएवढी बॅटरी. ती ३ व्होल्टची असून ‘सीआर २०३२’ या नावाने मिळते. ती संपली आणि वीजही दीर्घकाळ गेली, की यंत्राचे घड्याळ व मांडणी पुसली जाते. फळीवरच ‘रेड’ची सोय असेल, तर ती मांडणी साध्या पद्धतीवर येते आणि समूह दिसेनासा होतो. माहिती मात्र जागच्या जागी असते. पडद्यावरील तारीख अनेक वर्षे मागची दिसली, तर प्रथम हीच शंका घ्यावी.

तिसरे कारण आपल्या किनाऱ्याचे. खाऱ्या वाऱ्याने जोडण्यांचे धातू गंजतात आणि संपर्क सैल पडतो. चौथे कारण अगदी साधे: यंत्राला लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह. त्यामुळे यंत्र भलत्याच ठिकाणी कार्यप्रणाली शोधू लागते. हे सारे तपासल्यावरच तबकडी खरोखर निकामी झाली काय, याकडे वळावे.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. पडद्यावरील संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. ‘इनिशियलाइझ’, ‘फॉरमॅट’, ‘नवा समूह तयार करा’ अशा सूचनांना कदापि होकार देऊ नये. पुष्कळदा माहिती बिघाडाने नव्हे, तर घाईच्या होकाराने नष्ट होते. तारीख, मांडणी आणि किती तबकड्या दिसतात हे पाहावे. मग यंत्र बंद करून प्लग काढावा, प्रत्येक तबकडीवर तिच्या खणाचा क्रमांक लिहावा आणि त्यानंतरच जोडण्या काढून पुन्हा नीट बसवाव्यात. एखाद्या तबकडीतून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करून तज्ज्ञाकडे सोपवावे.

यंत्र एकदा सुरू झाले की पुन्हा पुन्हा बंद-चालू करून परीक्षा पाहू नये. प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत बाहेर काढावी, मगच नवी तबकडी बसवावी. समूहाच्या पुनर्रचनेत उरलेल्या सर्व तबकड्या आरंभापासून अखेरपर्यंत वाचल्या जातात. सेकंदाला १५० मेगाबाइट या गतीने ४ टेराबाइटच्या तबकडीस सात तासांहून अधिक वेळ लागतो. जुन्या तबकड्यांना हा ताण सोसला नाही आणि त्यांतील आणखी एक गेली, तर ‘रेड ५’ समूह परत उभा राहत नाही.

मित्रहो, समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. खाऱ्या समुद्राने वेढलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. एक आटली तर दुसरी कामी यावी, ही दूरदृष्टी तबकड्यांच्या समूहातही आहे. पण तिन्ही विहिरी एकाच तटाच्या आत आहेत, हेही ध्यानी घ्यावे. समूहातील सर्व तबकड्या एकाच पेटीत असतात. वीज कोसळली, आग लागली, पाणी शिरले किंवा चुकीने फाइल पुसली गेली, तर सर्वांवर एकच प्रसंग ओढवतो. समूह म्हणजे बॅकअप नव्हे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी, हा नियम लहान कार्यालयालाही पाळता येतो.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात या किनाऱ्यावरील अनेक गावांचा वीजपुरवठा दिवसेंदिवस खंडित होता. असा इशारा मिळताच प्रत घेणे, यंत्र रीतसर बंद करणे आणि प्लग काढणे हे काम कोणाचे, ते आधीच ठरलेले असावे. वळवाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी यूपीएसची बॅटरी, भूसंपर्कन आणि जोडण्या तपासाव्यात. दरमहा एकदा बॅकअपमधील एखादी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबून राहू नये.

या कामास खर्च थोडा आणि शिस्त अधिक लागते. ज्या म्हातारीला वारसाच्या नोंदीसाठी जुन्या ठरावाची नक्कल हवी आहे, किंवा ज्या विद्यार्थ्याचा प्रवेश एका दाखल्यावर अडला आहे, त्यांना आपण ‘यंत्र बिघडले’ एवढेच उत्तर देऊ शकत नाही. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी आपल्या पुढील सभेत बॅकअपची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी व तिच्या रजेच्या काळासाठी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.