गाठ फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता पडली?

पॅथॉलॉजिस्ट, सर्जन व कर्करोगतज्ज्ञांच्या या अधिवेशनात अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो आधी पाळते.

1896 साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की बीजांडकोश काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग मागे हटला. असं का होतं याचा उलगडा व्हायला साठेक वर्षं गेली. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी बीजांडकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, दाखवून दिला. इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, केंद्रकातल्या रिसेप्टरला चिकटतं आणि ही जोडी डीएनएवर बसून विभाजनाची जनुकं चालू करते. सायक्लिन डी1 वाढतं, पेशी दुभंगते. टॅमॉक्सिफेन हे औषध रिसेप्टरवरची ती जागा अडवतं. लेट्रोझोल पाळी गेलेल्या बाईच्या चरबीत इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. गाठीत हा रिसेप्टर सापडला, म्हणजे ती पॉझिटिव्ह असली, आणि टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतलं, तर पहिल्या 15 वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. गोळी स्वस्त आहे, तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळते.

आढावा इथेच थांबवते. कारण ही गोळी बाईला मिळणार की नाही, हे रिसेप्टरच्या रिपोर्टवर ठरतं, आणि तो रिपोर्ट आपण ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यातल्या फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बरणीत बिघडवतो आहोत. हे मला कित्येक वर्षं या व्यासपीठावरून सांगायचं होतं.

भारतीय बायकांच्या गाठीच वेगळ्या, त्यांच्यात रिसेप्टर कमीच, हा वाद कालच्या सत्रातही रंगला. पाश्चात्त्य देशांत चारांतल्या जवळपास तीन गाठी पॉझिटिव्ह असतात. आपल्याकडच्या जुन्या अभ्यासांत हे प्रमाण पुष्कळ कमी भरलं. आपल्या रुग्ण तरुण असतात, उशिरा येतात, हे खरंच आहे. पण सगळा दोष बाईच्या गाठीवर ढकलणाऱ्यांना मी माझ्या ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुने कापून तपासण्याच्या, टेबलावर आलेला एक नमुना सांगते.

एका रुग्णालयातून अख्खा स्तन आला, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबलेला, तळाला दोन बोटं फॉर्मॅलिन, गाठीला एकही छेद नाही. सुरी फिरवली तर कडा करड्या आणि आत कच्चं, लालसर मांस. रिसेप्टर तपकिरी रंगवून दाखवणारी स्लाइड कोरी आली. पण शेजारच्या निरोगी दुग्धनलिकाही कोऱ्याच! निरोगी नलिकेच्या काही पेशी तरी तपकिरी दिसायलाच हव्यात. त्या दिसत नसतील तर ती स्लाइड कशाचीच साक्ष देत नाही. मी रिपोर्ट अडवला आणि ऑपरेशनआधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक मागवला. त्यात गाठीची बहुतेक केंद्रकं गडद तपकिरी होती. पहिल्याच स्लाइडवर सही झाली असती, तर त्या बाईच्या हाती गोळीऐवजी ‘निगेटिव्ह’ शिक्का पडला असता. माझ्यापुरता वाद तिथे मिटला.

नियम कोणाला ठाऊक नाहीत? नमुना तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडावा, गाठीला छेद द्यावा, द्रावण नमुन्याच्या दसपट असावं, त्यात राहण्याची मुदत 6 ते 72 तास. एक टक्का केंद्रकं रंगली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह. यात महागडं यंत्र कुठेच नाही. नवी औषधं आणि जनुकीय चाचण्या यांवर आपण दोन दिवस बोललो. फॉर्मॅलिनवर एकही सत्र नाही! सर्जन म्हणतात हे वॉर्डबॉयचं काम, पॅथॉलॉजिस्ट म्हणतात नमुना असाच आला. मधल्या मध्ये बाईचा संसार उघड्यावर येतो.

तालुक्याच्या थिएटरांपर्यंत बरण्या आणि छापील फॉर्म पोचवायला हवेत, परिचारिकांचं प्रशिक्षण घ्यायला हवं, जुने निगेटिव्ह ब्लॉक पुन्हा तपासायला हवेत. यासाठी समिती नेमू, तपशील कार्यकारिणी ठरवेल. पण एक गोष्ट समितीसाठी थांबणार नाही. ज्या फॉर्मवर नमुना काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ नसेल, त्या नमुन्यावर ‘निगेटिव्ह’ लिहून मी सही करणार नाही. तुम्हीही करू नका. सर्जन रागावतील, फोन येतील. येऊ देत. वेळ लिहा म्हणावं, मग रिपोर्ट मागा.